एका कानाचा कानसेन

त्या रस्त्यावर केस कापायची तीन दुकानं होती, पण रांग लागायची ती कोपऱ्यावरच्या सलूनमध्येच. तिथला सलूनवाला कापायचा ठीकठाक, पण ऐकून फार छान घ्यायचा. गिऱ्हाइकांनी त्याचं नावच कानसेन पाडलं होतं. माणसं केस वाढायच्या आधीच केस कापायला यायची, खुर्चीत बसायची, मनातलं ओझं उतरवायची आणि हलक्या डोक्याने घरी जायची.

"कात्री काय, कुणीही चालवेल," कानसेन बायकोला सांगायचा. "समोरच्याचं ऐकून घेणं ही कला आहे. ती अंगातच असावी लागते."

बायको घरी कपडे अल्टर करून द्यायची. नवरा अशी वाक्यं नेमकी तिच्या ओठांत चार टाचण्या असतानाच बोलायचा, त्यामुळे तिचं उत्तर राहून जायचं.

खरी गोष्ट अशी की कानसेनाच्या डाव्या कानात सामन्याची कॉमेंटरी चालू असे. शर्टाच्या खिशात छोटा रेडिओ, कॉलरच्या आतून वर गेलेली बारीक वायर आणि कानातला इअरफोन झाकायला डावीकडचे वाढवलेले केस. सगळ्या गावाचे केस कापणाऱ्याचे स्वतःचे केस एका बाजूला वाढलेले का, हे कधी कुणी विचारलं नाही. उजवा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा होता, पण त्या कानाचंही लक्ष डावीकडेच असायचं.

मग तो बोलायचा काय? त्याच्याकडे तीन उत्तरं होती. आरशात गिऱ्हाइकाच्या भुवया वर गेल्या की "हो ना." गिऱ्हाइकाने सुस्कारा टाकला की "खरंय." आणि गिऱ्हाईक बोलायचं थांबून आरशातून त्याच्याकडे बघायला लागलं, म्हणजे काहीतरी विचारलेलं असणार, की "काळजी करू नका." एवढ्या भांडवलावर त्याने चौदा वर्षं नाव कमावलं. भावाशी अबोला धरलेला प्लंबर "तुम्ही म्हणालात म्हणून बोललो त्याच्याशी" असं सांगत पेढ्यासारखा गोड चेहरा करून गेला होता. कानसेनाला त्या प्लंबरला भाऊ आहे हेच तेव्हा कळलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शनिवारी, अंतिम सामन्याच्या दिवशी, पोस्टमास्तर येऊन खुर्चीत बसले.

पोस्टमास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, बायको जाऊन नऊ. सगळे त्यांना मास्तर म्हणत. माणूस भरघोस पांढऱ्या मिशीचा, अतिशय सज्जन, पण बोलणं असं की प्रत्येक शब्दावर तिकीट लावून, शिक्का मारूनच ते बाहेर सोडायचे. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते. खाली बघत होते. मध्येच घसा खाकरत होते. कानसेनाच्या डाव्या कानात शेवटची दहा षटकं चालू होती.

उजव्या कानात जे तुकडे पडले ते असे: "बरीच वर्षं"… "पायामुळे"… "तुमच्या घरी, मागच्या खोलीत"… "मनात आहे, पण तोंडाने विचारायचा धीर"…

"हो ना," कानसेन म्हणाला. "खरंय," कानसेन म्हणाला.

चाळीस मिनिटांनी मास्तर थांबले आणि आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. शेवटच्या तीन चेंडूंत सात धावा हव्या होत्या.

"काळजी करू नका," कानसेन म्हणाला.

"म्हणजे माझ्या वतीने तुम्ही विचाराल? उद्या रविवारीच?"

"हो ना."

मास्तर गळ्यातलं कापड न काढताच उठले आणि त्यांनी कानसेनाचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवला. त्यांचे डोळे ओले होते. तिकडे शेवटच्या चेंडूवर सामना जिंकला होता, म्हणून कानसेनाचेही डोळे ओले होते. मास्तरांनाही क्रिकेटची एवढी आवड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी दुकान उघडतंय तोवर मास्तर हजर. डोक्यावर कापण्यासारखा एक केस नव्हता. खुर्चीच्या कडेला टेकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "विचारलंत?"

आता इथे साध्या माणसाने "काय विचारायचं होतं हो?" असं म्हटलं असतं आणि विषय संपला असता. पण कानसेनाने तसं म्हणणं म्हणजे पुजाऱ्याने देव कुठे बसवलाय असं विचारण्यापैकी होतं. चौदा वर्षांची अब्रू होती. त्याने डोक्याला ताण दिला. काय काय ऐकलं होतं? बरीच वर्षं. पाय. तुमच्या घरी. मागच्या खोलीत.

आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मशीन! बायकोची जुनी पायाची शिलाई मशीन. बायकोने विजेवरची नवी घेतल्यापासून ती मागच्या खोलीत पडून होती. "कुणाला तरी देऊन टाका, मला पैसे नकोत, पण भंगारात जायला नको," असं बायको गेलं वर्षभर सांगत होती. मास्तरांनी मागितली असणार. एकटा माणूस, स्वतःचे कपडे स्वतः शिवत असेल. गरिबासारखं मागायला लाजत असेल बिचारा.

एवढं बरोबर होतं की मागच्या खोलीत ती मशीन होती. पण मागच्या खोलीत आठ महिन्यांपासून बायकोची मोठी बहीणही राहत होती. ती सरकारी दवाखान्यात हेड नर्स होती, लग्न न करता बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळून निवृत्त झाली होती. घरात, दारात, दवाखान्यात सगळे तिला ताई म्हणत. कानसेन तिला चळचळा कापत असे. ताई नुसतं बघायच्या आणि समोरचा आपोआप जीभ बाहेर काढायचा.

"विचारलं ना," कानसेन उत्साहाने म्हणाला. "आमच्याकडून काही अडचण नाही. बायको तर म्हणाली, सुटलो एकदाचे."

मास्तरांचा चेहरा उतरला. "सुटलो म्हणाल्या?"

"अहो, खोली केवढी अडते. आणि आता इथे तिला काही काम उरलंय का? नुसती पडून असते."

मास्तरांना ते 'ती' खटकलं. मेहुणी, तीही वयाने मोठी. पण घरची माणसं घरात असंच बोलत असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"जन्मभर राबल्यात त्या," मास्तर म्हणाले.

कानसेनाला वाटलं, मास्तर एवढे सज्जन की मशीनलाही अहो-जाहो करतात. "राबलीय ना. दिवसरात्र. पण अजून दणकट आहे हां, मास्तर. कुठे कुरकुर नाही, काही नाही. आता आवाज जरा करते. एकदा सुरू झाली की शेजारच्यांना कळतं."

"आवाज असू द्या," मास्तर म्हणाले. "माझ्या घरात नऊ वर्षं नळाच्या थेंबाशिवाय दुसरा आवाज नाही."

शिलाई मशीन कुणी आवाजासाठी नेत नाही. कानसेनाने हे वाक्य नीट ऐकलं असतं तर तो इथेच थांबला असता. पण सकाळचा सामना सुरू झाला होता आणि डावीकडे पहिल्याच षटकात गडी बाद झाला.

"हो ना," कानसेन म्हणाला.

"आणि त्यांचं स्वतःचं मत काय पडलं?"

"तिचं? ती तर केव्हाची तयार आहे. म्हणते, चांगल्या घरी जाऊ दे म्हणजे झालं."

मास्तर खुर्चीच्या कडेवरून खुर्चीत घसरले. मग म्हणाले, "मग पुढे कसं करायचं?"

"करायचं काय त्यात? शुक्रवारी संध्याकाळी या आणि घेऊन जा."

"शुक्रवारीच? पण नोंदणी, साक्षीदार…"

"घरातल्या घरात साक्षीदार कशाला? हातगाडी मात्र आणा. सामान जड आहे."

मास्तर निघाले ते दाराच्या चौकटीला धडकले, चौकटीला "माफ करा" म्हणाले आणि रस्त्याला लागले. एवढं सगळं एखाद्या मशीनसाठी? कानसेनाला त्यांची दया आली.

शुक्रवारी घरात आनंदीआनंद होता. मशीन चांगल्या माणसाकडे जाणार म्हणून बायकोने तिचं तेलपाणी केलं, पितळी चाक घासून लख्ख केलं. ताईंनी आणि कानसेनाने मिळून ती ढकलत पुढच्या खोलीत आणली. ढकलताना ताई म्हणाल्या, "तुम्ही श्वास तोंडाने घेता. नाक तपासून घ्या." कानसेन "हो ना" म्हणाला. त्या दिवशीही सामना होता.

बरोबर सहा वाजता मास्तर आले. नवा कोट, नवे बूट, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. मागे हातगाडीवाला. बायकोला फुलं बघून आश्चर्य वाटलं, पण म्हातारी माणसं जुन्या रीतीची असतात असं म्हणून तिने त्यांना बसवलं. ताई मशीनला टेकून उभ्या होत्या.

"आधी नीट बघून घ्या हं," बायको म्हणाली. "नंतर तक्रार नको."

मास्तर लाजले. "बघितलंय मी, वहिनी. रोज बघतो. सकाळी दूध आणायला जातात तेव्हा."

दूध आणायला मशीन जात नाही हे बायकोला माहीत होतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा भिंतीकडे बघून मान डोलावत होता.

"नाही, म्हणजे थोडं चालवून बघा, असं म्हणते मी," बायको म्हणाली.

"चालणं उत्तम आहे त्यांचं," मास्तर म्हणाले. "माझंच जरा डावं पाऊल अडखळतं."

हातगाडीवाल्याने दारातून डोकं आत घातलं. "काय उचलायचंय?"

"यांचं सामान," असं म्हणून मास्तरांनी ताईंकडे हात केला.

"माझं?" ताई म्हणाल्या.

"सामान कसलं, फक्त मशीन," बायको म्हणाली.

"मशीनही नेऊ की, त्यांच्या सवयीची असेल तर," मास्तर म्हणाले. मग ते उठले. कोटाची बटणं नीट केली, दोन पावलं पुढे गेले आणि फुलं ताईंच्या पुढे धरली. "मी फार बोलणारा माणूस नाही. पण तुम्ही हो म्हणालात हे कळल्यापासून मला झोप नाही. मी तुम्हाला सुखात ठेवीन."

खोली एकदम गप्प झाली. हातगाडीवाल्याने टोपी काढली. आणि त्या शांततेत, कुठूनतरी, डासाच्या आवाजाएवढा बारीक आवाज आला: "…आणि चेंडू थेट सीमारेषेबाहेर."

ताई शांतपणे कानसेनाजवळ गेल्या. त्यांनी त्याच्या डाव्या बाजूचे केस दोन बोटांनी वर उचलले, जखम बघावी तसं आत बघितलं आणि कानातला इअरफोन ओढून काढला.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"चौदा वर्षं," कानसेन म्हणाला. आणि नकळत त्याने जीभ बाहेर काढली.

बायको खाली बसली. तिच्या ओठांत त्या दिवशी टाचण्या नव्हत्या, तरी तिला बोलता येईना. मास्तरांना हळूहळू उलगडत गेलं. त्यांनी मशीनकडे बघितलं, तिच्या लख्ख चाकाकडे बघितलं, मग कानसेनाकडे.

"पडून असते, ती ही?"

"हो."

"आवाज करते, ती ही?"

"हो, मास्तर."

"मी चाळीस मिनिटं बोलत होतो," मास्तर म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा कुणापाशी हे बोललो. तुम्ही मान हलवत होतात. मला वाटलं, तुम्हाला समजलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते फुलं खाली ठेवायला जागा शोधू लागले. टेबलावर कापडं होती, खुर्चीवर कात्र्या होत्या. शेवटी त्यांनी गुच्छ मशीनवर ठेवला आणि दाराकडे वळले.

तिन्ही उत्तरं कानसेनाच्या तोंडापर्यंत आली आणि तिन्ही त्याने गिळली. "मास्तर," तो म्हणाला, "मी ऐकलंच नव्हतं. एक शब्द नाही. आणि मंगळवारी विचारायची लाज वाटली. चूक माझी आहे, तुमची काही नाही. तुम्ही मला दोन शिव्या द्या, पण असे जाऊ नका."

"मला शिव्या येत नाहीत," मास्तर म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"बसा," ताई म्हणाल्या.

हा शब्द त्या ज्या सुरात म्हणायच्या तो ऐकून दवाखान्यात धावता रोगीसुद्धा बसायचा. मास्तर बसले. हातगाडीवालाही उंबऱ्यावर बसला. ताईंनी खुर्चीवरच्या कात्र्या बाजूला केल्या, खुर्ची मास्तरांच्या समोर ओढली आणि हात मांडीवर ठेवले. "यांना जे सांगितलंत ते मला सांगा. पहिल्यापासून. मला घाई नाही."

मास्तर सांगायला लागले. तसेच, शब्दाला तिकीट लावत. अडले की ताई थांबायच्या. मधलं वाक्य भरून द्यायच्या नाहीत. कधी म्हणायच्या, "म्हणजे तो पाय मोडला तेव्हाचं सांगताय?" मास्तर म्हणायचे, "हो, तेव्हाचंच," आणि पुढचं वाक्य जरा कमी अडखळत यायचं. तीन वर्षांपूर्वी ते दवाखान्यात महिनाभर पाय टांगून पडले होते. भेटायला येणारं कुणी नव्हतं. रोज दुपारी जेवणाची ताटं गेली की हेड नर्स दहा मिनिटं त्यांच्या खाटेशी बसायची आणि त्यांच्याकडून पत्ता नसलेल्या एखाद्या पत्राची गोष्ट ऐकायची. ज्यांच्यावर फक्त 'दादा, नदीकाठचं घर' एवढंच लिहिलेलं असतं, अशी पत्रं मास्तरांनी जन्मभर बरोबर घरी पोचवली होती. त्यांच्या बायकोनेसुद्धा त्या गोष्टी कधी पुऱ्या ऐकल्या नव्हत्या.

"सत्तावीस गोष्टी सांगितल्यात तुम्ही," ताई म्हणाल्या. "अठ्ठाविसावी अर्धी राहिली. तुम्हाला घरी सोडलं त्या दिवशी."

मास्तरांनी मान वर केली.

कानसेन कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकत होता. रेडिओ खिशात गप्प होता. दोन्ही कानांनी ऐकायची सवय नसल्यामुळे त्याला थोडं गरगरल्यासारखं झालं. त्याला वाटलं, हे सगळं आपल्या खुर्चीत, आपल्या हाताखाली सांगितलं गेलं होतं आणि आपण सात धावा मोजत होतो.

"माझं उत्तर आज नाही मिळायचं," शेवटी ताई म्हणाल्या. "साठ वर्षं एकटी राहिलेली बाई आहे मी. हातगाडी बघून निर्णय घेत नाही. पण रविवारी दुपारी चहाला येईन. त्या अर्ध्या गोष्टीचं बघू."

"पण मग उचलायचं काय?" हातगाडीवाल्याने विचारलं. त्याचाही जीव गुंतला होता.

रिकामी गाडी परत नेणं बरं दिसेना, म्हणून मशीन गेली. मास्तरांनी पडदे शिवायला घेतले. पहिला पडदा शर्टासारखा दिसत होता, असं ताईंनी रविवारी रात्री जेवताना सांगितलं. त्या रविवारानंतर त्या पुढच्या रविवारीही गेल्या. मग बुधवारीही जाऊ लागल्या.

इकडे कानसेन खरंच ऐकायला लागला. गिऱ्हाइकांना हे जड गेलं. पूर्वी मोकळेपणी बोलणारी माणसं आता "सासऱ्यांनी असं म्हटलं त्याच्या आधी तुम्ही काय म्हणाला होतात?" असा प्रश्न आला की चपापायची. प्लंबर तर एकदा अर्ध्या कापलेल्या केसांनी उठून गेला. "पूर्वी हा किती छान ऐकून घ्यायचा," तो बाहेर रांगेत म्हणाला. "आता काही सांगायची सोय राहिली नाही." पण कानसेन मागे हटला नाही. कात्री हळू चालू लागली, रांग वाढली, तरी तो प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकायचा.

चार महिन्यांनी एका सकाळी मास्तर दाढीला आले. चेहऱ्यावर तेज होतं. "आज आधी तुम्हाला सांगायला आलो," ते म्हणाले. "काल त्या बोलल्या."

कानसेनाने साबण लावला. त्याचे दोन्ही कान असे टवकारले की टोपी घातली असती तर वर उचलली गेली असती.

"त्या म्हणाल्या," मास्तर म्हणाले आणि थांबले. कानसेनही थांबला. "म्हणाल्या, मी सगळा विचार केला." वस्तरा गालावरून खाली आला. "म्हणाल्या, या वयात घर बदलणं सोपं नाही." कानसेन आणखी पुढे वाकला. "पण तुमच्या घरात मला गप्प बसायला लागत नाही."

"म्हणजे, मास्तर, तुम्हाला असं म्हणायचंय की…"

"हो म्हणाल्या."

कानसेनाच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी आलं. कुठलाही सामना चालू नसताना आलेलं ते त्याचं पहिलंच पाणी. त्याने मास्तरांचं प्रत्येक अक्षर मनात साठवून घेतलं. पुढच्या महिन्यात नोंदणी, साक्षीदार म्हणून हातगाडीवाला, बायकोने शिवायचा कोट. तो ऐकत होता, मान डोलावत होता, हात आपला आपण चालत होता. असं त्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं.

"फक्त एकच अट घातलीय त्यांनी," मास्तर डोळे मिटून, हसून म्हणाले. "म्हणाल्या, बाकी काय हवं ते बदला, मी पहिल्यांदा बघितली तशी मिशी मात्र तशीच राहू द्या."

कानसेनाने आरशात बघितलं, मग हातातल्या वस्तऱ्याकडे.

नोंदणी दोन महिने पुढे गेली.